खोक्यावरचं चित्र बाजूला ठेवा

उल्हासनगरचं नाव काढलं की समोरचा हसून तो जुना जोक टाकतोच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! कॅम्प एक ते पाचमधल्या कोणालाही विचारा, हा जोक त्याने लोकलमध्ये, कॉलेजात, अगदी लग्नाच्या पंगतीतही ऐकलेला असतो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी मिळेल ते विकून, बनवून, दुरुस्त करून अख्खं शहर उभं केलं, हे मात्र त्या जोकमध्ये कधी येत नाही. असो. आजचा विषय सव्वा इंच उंचीच्या शिपायांचा आहे. आणि त्यांच्यात ‘डुप्लिकेट’ नक्की कोणाला म्हणायचं, याचा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप वॉरगेम म्हणजे बुद्धिबळाचा मोकाट सुटलेला भाऊ. यात पटावर घरं नसतात. टेबल हेच मैदान, पुस्तकांच्या थप्पीवर चादर टाकली की झाला डोंगर. शिपाई किती चालला ते टेपने इंचात मोजायचं, गोळी लागली की हुकली ते फासे ठरवणार. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांसाठी असे नियम पुस्तकात छापले होते. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आला आणि खेळात राक्षस, बुटके, जादूगार घुसले. शिपाई प्लास्टिकच्या फ्रेममध्ये सुट्या तुकड्यांत येतात. डोकं वेगळं, हात वेगळे, शस्त्र वेगळं. कापा, चिकटवा, रंगवा आणि मग खेळा. कोण कुठून येणार, काय जिंकायचं, किती फेऱ्यांत जिंकायचं, या मांडणीला म्हणतात सिनॅरिओ. बदलापूर-अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये रात्री जेवणाचं टेबल पुसून हे सगळं मांडता येतं. आईने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुदत दिली पाहिजे, एवढंच.

आता पैशांचं बोलू. दहा-बारा शिपायांचं एक परदेशी खोकं काही हजारांना पडतं. पहिल्या नोकरीच्या पगारातून पास, भाडं आणि घरी द्यायचे पैसे वजा केले की उरतं काय? मग चोरवाट सुरू होते. मूळ शिपायावरून रबरी साचा काढून रेझिनमध्ये ओतलेल्या नकला मिळतात, त्यांना ‘रीकास्ट’ म्हणतात. रेझिनचे थ्रीडी प्रिंटर स्वस्त झाल्यापासून तर तेही कष्ट नकोत. कुणीतरी महिनाभर बसून घडवलेली आणि विकायला ठेवलेली फाइल ग्रुपवर फुकट फिरते. हे डुप्लिकेटच आहे, याला दुसरं नाव नाही. ‘कंपनी एवढी गब्बर आहे, तिला काय फरक पडतो’ हे कारण मला अनेकांनी ऐकवलंय. वॉरहॅमरवाली गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात गेली, ती गब्बर आहेच. पण ग्रुपवर फिरणाऱ्या कितीतरी फाइली एकट्याने घरी बसून काम करणाऱ्या डिझायनरच्या असतात. त्याचं काय?

पण खरं सांगू का, माझा जास्त राग दुसऱ्या डुप्लिकेटवर आहे. हा पक्कं बिल असलेला डुप्लिकेट. खोकं विकत घ्यायचं, पुस्तिकेत दिलंय तसंच जोडायचं, कंपनीने सांगितलेल्या डब्यांतले रंग सांगितलेल्या क्रमाने लावायचे आणि खोक्यावरच्या फोटोशी किती तंतोतंत जुळलं ते स्टोरीवर टाकायचं. हात शिकायचा म्हणून पहिले दोन-तीन असे रंगवले तर हरकत नाही. पण पन्नासावा शिपाईही तसाच? मग उल्हासनगरच्या जोकवर हसायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

गंमत म्हणजे हा छंद सुरुवातीला असा नव्हताच. १९८०च्या दशकात याच कंपनीचं लिखाण पोरांना सांगायचं की रिकाम्या डिओडरंटच्या बाटलीपासून तरंगता रणगाडा बनवा. आज तेच दुकान तयार रणगाडा विकतं आणि आपण बाटली कचऱ्यात टाकतो.

आपल्याला तर हे कोणी शिकवायचीही गरज नाही. दिवाळीत किल्ला केलाय ना? दगड, विटांचे तुकडे, वर ओलं पोतं, त्यावर माती, मातीवर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, म्हणजे चार दिवसांत गवत. मग बाजारातून ‘चित्रं’ आणायची. (जुनी माणसं मावळ्यांना, गवळणींना, वाघाला मिळून ‘चित्रं’ म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो.) त्या चित्रांना मापाचं सोयरसुतक नव्हतं. गवळण बुरुजापेक्षा उंच, वाघ शेजारच्या गायीएवढाच, आणि दरवाजातून तोफ तर सोडाच, मावळाही आत जाणार नाही. तरी चालायचं, कारण हात मोडलेल्या मावळ्याला काडीचा भाला लावणं, गेल्या वर्षीच्या भाजीवालीला रंग देऊन पहारेकरी करणं हे त्यात आपोआप यायचं. परदेशात याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. आपण नाव न देता करत होतो.

आता टॉवरच्या आवारात पेव्हर ब्लॉक आलेत. माती आणायची कुठून आणि टाकायची कुठे? सोसायटीच्या ग्रुपवर ‘परिसर अस्वच्छ करू नये’ असा मेसेज येतो. मग पालक तयार प्लास्टरचा किल्ला सेटसकट घेऊन येतात, मुलं तो गॅलरीत ठेवून फोटो काढतात. आणि जिथे अजून माती आहे तिथेही आठवी-नववीत गेलं की किल्ला बंद. ‘आता काय लहान आहेस का?’ नेमका ज्या वयात हात स्थिर होतो, डोकं चालायला लागतं, त्या वयात आपण हे सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो किल्ला टेबलावर आणा आणि पुढे चालू ठेवा. सिनॅरिओ आपला घ्या, आणि त्यातला एकही शिपाई खोक्यातून आला तसा ठेवू नका.

कुठला सिनॅरिओ? लोकलच्या खिडकीतून रोज दिसतो तो. मलंगगड. सन १७८०, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू आहे आणि कल्याण इंग्रजांच्या हातात आहे. ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, कॅप्टन अॅबिंग्टन शिपाई घेऊन रात्रीतून मलंगगडावर चालून गेला. अचानक हल्ला करून त्याने खालची माची घेतली. पण गडावरची शिबंदी निसटून वर बालेकिल्ल्यात गेली आणि तिथून हलेना. तेवढ्यात बाहेरून मराठी फौज येऊन भिडली आणि वेढा घालणाराच वेढ्यात सापडला! ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्नल हार्टली कुमक घेऊन पोचला तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. वर शत्रू, खाली शत्रू, मध्ये पाऊस आणि संपत आलेला शिधा. यापेक्षा चांगला सिनॅरिओ कोणी पगार घेऊनही लिहिणार नाही.

आता मांडायला बसा, म्हणजे लक्षात येईल की तुम्ही काय हाती घेतलंय. हे शिपाई ढोबळमानाने साठास एक या मापाचे असतात. म्हणजे शंभर मीटरचा कडा मापाने करायचा तर टेबलावर एक मीटर सहासष्ट सेंटिमीटर उंच होईल. पंख्याला लागेल. म्हणून डोंगर दाबायचा, माणूस मापात ठेवायचा. दिवाळीच्या किल्ल्याने हेच केलं होतं, फक्त जरा जास्तच. कड्यासाठी थर्माकोल कापू नका, हाताने मोडा. मोडलेली कड खडकासारखी दिसते, कापलेली केकसारखी. त्यावर स्प्रेचा रंग थेट मारलात तर थर्माकोल विरघळतो, आधी फेव्हिकॉलचा हात फिरवा.

खरी मजा शिपायांत आहे. तुमच्या खोक्यात मलंगगडावरचा शिपाई नाही, आहे तो युरोपातल्या कुठल्याशा काल्पनिक राज्याचा भालाईत. चिलखत, शिरस्त्राण, गुडघ्यापर्यंतचे बूट. त्याला बदलायचं तर आधी शोधावं लागतं की पावसात पहारा देणारा माणूस अंगावर घेणार काय? घोंगडी. कोकणातलं इरलं. इथेच कन्व्हर्जन आणि कॉपी वेगळे होतात. कॉपी करणाऱ्याला काही माहीत असायची गरज नसते.

घोंगडीसाठी टिश्यू पेपरचा तुकडा पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, डोक्यावरून खांद्यावर टाका, टाचणीने चुण्या ओढा आणि रात्रभर वाळू द्या. दगडासारखी घडी बसते. पागोट्यासाठी परदेशी पुटी मागवायची गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं. शिरस्त्राण पातीने उडवायचं, एम-सीलचे दोरे वळायचे आणि घट्ट व्हायच्या आत डोक्याला गुंडाळायचे. बोटं आणि टाचणी पाण्यात बुडवत राहा, नाहीतर पागोटं डोक्याऐवजी तुमच्या अंगठ्यावर बसेल. भाल्यासाठी खराट्याची काडी. आणि ढाल? कॅम्प पाचला जीन्सच्या बाजारात जा, मूठभर रिव्हेट घेऊन या. नऊ मिलिमीटरचं रिव्हेट साठपट केलं की चौपन्न सेंटिमीटर होतं. अगदी अंगासरशी घेतलेल्या ढालीचं माप, वर मधला उंचवटा फुकटात. जोकमधल्या शहराने जगाला घालायला पँट शिवल्या, त्यांचं बटण-रिव्हेट आपल्या शिपायाच्या हातात शोभून दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, हे तर ऐतिहासिक झालं, फँटसी कुठेय? इथेच मला आपल्या पोरांचं आश्चर्य वाटतं. ऑर्क, एल्फ, अनडेड सगळे तोंडपाठ. आणि आजीने सांगितलेला चकवा? जो रानात रात्री वाट चुकवतो आणि माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो? गेममध्ये याच्याइतका तयार नियम मिळणार नाही. धुक्यात शिरलेल्या तुकडीने फासा टाकावा, एक पडला तर निघाली तिथे परत. अॅबिंग्टनची तुकडी रात्री पावसात चढतेय, मशाली विझल्यात, आणि चकवा लागला. पिंपळावर मुंजा बसवा, टाक्याच्या काठी आसरा. अमावास्येच्या फेरीला वेताळाची मशालींची मिरवणूक आली की दोन्ही बाजूंनी बंदुका खाली. वेताळाचं सैन्य तर सगळ्यात स्वस्त. गावोगावी त्याच्या स्थानाभोवती शेंदूर लावलेले दगड मांडलेले असतात, ते त्याचे सैनिक. रुळांजवळची खडी नका उचलू, पण वाळूतले चांगले खडे निवडायला पैसे पडत नाहीत.

माझी आवडती मात्र हडळ. कुठलीही बाईची मिनिएचर घ्या, चेटकीण, राजकन्या, काहीही. घोट्याजवळ दोन्ही पाय बारीक करवतीने कापा, पावलं मागे वळवा, टाचणीचा तुकडा आत घालून फेव्हिक्विकने बसवा. झालं. डोकं बदललं नाही, कपडे बदलले नाहीत. पण कर्जतपासून कल्याणपर्यंत कोणीही ती बघितली की आधी पायांकडे बघेल आणि मग तुमच्याकडे. दोन कापांत त्या खोक्यातली बाई आपली झाली. हे कुठल्याही रीकास्टला जमणार नाही, खोक्यावरच्या फोटोलाही नाही.

रंगांचं थोडक्यात सांगतो, कारण व्हिडिओ भरपूर आहेत. फक्त त्यांत जो ‘फ्लेश’ नावाचा रंग सांगतात तो आपल्याकडच्या कोणाच्याही अंगावर नसतो. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा यांतून चार-पाच छटा काढा. एकाच तुकडीत एक सावळा, एक गव्हाळ, एक उन्हात रापलेला असला की तुकडी जिवंत वाटते. परदेशी डब्या नसल्या तरी अडत नाही. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग घ्या, पाणी घालून पातळ करा, एक जाड हात देण्याऐवजी तीन पातळ द्या. अवघड असतो तो पांढरा. अंगरख्याला थेट पांढरा फासलात तर शिपाई खडूचा दिसतो. आधी मातकट करडा, मग हळूहळू उजळत जायचं, शुद्ध पांढरा फक्त घडीच्या कडेवर. कंपनीच्या शिपायांचे लाल डगले त्यामानाने सोपे. खाचांत गडद तपकिरी पाणी सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलात की ते बरोबर कोपऱ्यात जाऊन बसतं. नदी करायची असेल तर रंगाचा विचार करा, उल्हासची वेगळी आणि वालधुनीची वेगळी. वालधुनीला कुठलाही रंग दिलात तरी कोणी चूक काढणार नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

काही जण रागावतील, हेही माहीत आहे. ‘इतिहासात भुतं घुसडता?’ प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरती मी रेष आखलीय. महाराजांची मूर्ती खेळात प्यादं म्हणून येणार नाही. फाशाच्या एका आकड्यावर ती टेबलावरून उचलायची, हे मलाच सहन होणार नाही. मलंगगडावरची श्रद्धास्थानंही टेबलावर नकोत, तो डोंगर अनेकांचा आहे. १७८० चे बिननावाचे शिपाई आणि आजीची भुतं, एवढं पुरेसं आहे. आणि सिनॅरिओ मांडताना खरं काय घडलं ते एका कागदावर लिहून शेजारी ठेवायचं, म्हणजे चकवा कुठून सुरू झाला ते खेळणाऱ्याला कळतं.

दुसरा आक्षेप कंपनीभक्तांचा असतो, की असे बदललेले शिपाई अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत. नसतील चालत. अधिकृत स्पर्धा तुमच्या घराजवळ आहे का? जगात असे नियम आहेत ज्यांना कुठल्याही कंपनीचा शिपाई चालतो. २०१५ मध्ये आलेल्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह’मध्ये एक जादूगार, त्याचा एक शिष्य आणि फार तर आठ साथीदार लागतात. दहा मिनिएचर, विषय संपला. दहा शिपाई मनापासून बदलायला दोन-तीन महिने लागतील. शंभर शिपायांचं कपाटात पडून राहिलेलं करडं प्लास्टिक रंगवायला आयुष्य पुरत नाही, हे या छंदातल्या कोणालाही विचारा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. किल्ला म्हणजे मुलांचा आणि रांगोळी म्हणजे मुलींची, ही वाटणी आपण अजून मुकाट्याने चालू ठेवलीय. तुमच्या बिल्डिंगमध्ये ब्रशवर सगळ्यात जास्त ताबा कोणाचा असेल, तर तो मेंदी काढणाऱ्या किंवा नेल आर्ट करणाऱ्या मुलीचा. सव्वा इंचाच्या शिपायाच्या डोळ्यात बुबुळ काढायचं म्हणजे मेंदीतल्या टिंबापेक्षाही बारीक काम. तिला कोणी बोलावत नाही, आणि मग पोरं व्हिडिओ बघत बसतात की डोळे तिरळे का होतायत!

आता एक मागणी, किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळांकडे. लहान मुलांचा गट राहू द्या, पण अठरा वर्षांवरच्यांसाठी एक टेबल-गट सुरू करा. जागा एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे सोसायटीचा आणि मातीचा प्रश्न मिटला. नियम एकच. प्रत्येक शिपायाशेजारी तो मुळात काय होता त्याचा फोटो लावायचा. गुण खर्चाला नाहीत, फोटो आणि शिपाई यांच्यातल्या अंतराला. विकत आणलेला सेट तसाच मांडला तर फोटो आणि शिपाई सारखेच दिसतील, परीक्षकांना काही विचारावंही लागणार नाही.

दिवाळीला वेळ आहे असं समजू नका. दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे मारला की शिपायावर पांढुरकं धुकं चढतं आणि बदलापूरचा पाऊस कधी थांबेल ते कोणाच्या हातात नाही. जुलैत ब्रशनेच काम करा, स्प्रे ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवा. आणि या रविवारी पाय कापायला घ्या. हडळीचे.